बाईकच्या इंजिनमधून आवाज येतोय? इंजिन खोलायच्या आधी हे करून बघा

बाईकमधून नवीन आवाज यायला लागला की आपण काय करतो, गॅरेजला जातो आणि "टकटक येतंय, बघा जरा" एवढंच सांगतो. आता गंमत अशी की टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलणारा भाग) ढिला असला तरी टकटक येते, सायलेन्सरचं पॅकिंग फुटलं तरी टकटक, इंजिनच्या आतली टायमिंग चेन लूज झाली तरी टकटक आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे खालच्या फिरत्या दांड्याशी जोडणारा) जायला लागला तरी सुरुवातीला टकटकच. यातलं पहिलं काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे आणि शेवटच्यात अख्खं इंजिन खाली उतरतं. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की आवाज कसा येतो यावर डोकं लावू नका, तो कधी येतो, कधी थांबतो आणि कशाने बदलतो ते पकडा, तिथेच निम्मं निदान होतं. खाली जे लिहिलंय ते मुख्यतः आपल्याकडच्या एका सिलिंडरच्या चार स्ट्रोक गाड्यांसाठी आहे, आणि उदाहरण म्हणून स्प्लेंडर धरलीये, कारण १९९४ पासून ते ९७.२ सीसीचं इंजिन गावोगाव फिरतंय आणि त्याचं काम सगळ्यांना माहितीये. बाकी गाड्यांना तत्त्व तेच, फक्त कुठली वस्तू कुठल्या बाजूला ते बदलतं.

आधी ऑइल आणि स्लो

हे दोन बघितल्याशिवाय पुढचं काहीच करू नका. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, गाडी मेन स्टँडवर सपाट जागी उभी हवी, साइड स्टँडवर नाही. स्प्लेंडरला डिपस्टिक पुसून नुसती आत टेकवायची, आटे फिरवून बसवायची नाही, नाहीतर लेव्हल खोटी दिसते. पल्सर किंवा बुलेटसारख्या गाड्यांना बाजूला काच असते तिथे बघा. लेव्हल खालच्या खुणेच्या खाली असेल तर आवाजाचं कारण बहुतेक तुम्हाला सापडलंच, पण ऑइल गेलं कुठे हा वेगळा प्रश्न उरतो, कारण खाली गळत नसेल तर ते जळतंय.

ऑइलचा ग्रेड पण बघा. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० आणि ते पण बाईकचंच, कारमधलं उरलेलं ऑइल ओतायचं नाही, बाईकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो आणि कारच्या बऱ्याच ऑइलने तो स्लिप मारायला लागतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं असलं पाहिजे. कुणीतरी "जाड ऑइल टाक, आवाज बसेल" असा सल्ला देतंच. आवाज बसतो पण, फक्त आजार तसाच राहतो आणि थंडीत सकाळी ऑइल हेडपर्यंत (इंजिनच्या व्हॉल्व्ह असलेल्या वरच्या टोकापर्यंत) पोचायला उशीर होतो, त्यामुळे जुनी गाडी विकणारे लोक हा उपाय आवडीने करतात, तुम्ही गाडी विकत घेत असाल तर लक्षात ठेवा.

मग स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन फिरतं तो वेग. स्प्लेंडरचा स्लो साधारण १४०० आरपीएमला असतो. बरेच जण मायलेजच्या नादात स्लो इतका खाली आणतात की गाडी सिग्नलला मरत-मरत चालते आणि मग टायमिंग चेन, क्लच, सगळंच खडखडायला लागतं. स्लोचा स्क्रू थोडा आत घेऊन बघा, आवाज गेला तर विषय संपला. फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांना हा स्क्रू नसतो, तिथे स्लो गंडला असेल तर स्कॅनर लावणाऱ्याकडेच जावं लागतं.

मग बाहेरचं सगळं

इंजिन चालू ठेवा (बंद शेडमध्ये नको, मोकळ्या जागी, तो धूर डोकं जड करतो आणि जीवही घेऊ शकतो) आणि हलकी रेस देत-देत एकेक वस्तू हाताने दाबून धरा. साडी गार्ड, नंबर प्लेट, लेग गार्ड, चेन कव्हर, हॉर्नची पट्टी, साइड पॅनल, टाकीच्या खालचे रबर. सायलेन्सरच्या वरच्या पत्र्याला मात्र हात लावू नका, लाकडी पट्टीने दाबा. ठराविक रेसलाच येणारा आणि पुढे-मागे गायब होणारा "झर्रर्र" आवाज दहापैकी नऊ वेळा असल्याच कुठल्यातरी पत्र्याचा असतो, इंजिनचा नसतो. इंजिन माउंटिंगचे बोल्ट पण पान्याने तपासा, ते ढिले झाले की अख्खी फ्रेम वाजते आणि माणसाला वाटतं क्रँक गेला.

यात सायलेन्सरचं पॅकिंग मी वेगळं काढतोय कारण ते लोकांना फार फसवतं. हेडला सायलेन्सरचा पाइप जिथे बसतो तिथलं गोल पॅकिंग फुटलं की तिथून गॅस सुटतो आणि हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते. ओळखीतल्या एका स्प्लेंडरचा असाच आवाज होता, टायमिंग किट बदलून झालं, टॅपेट दोनदा सेट करून झाले, तरी टिकटिक जागच्या जागी, शेवटी एकाने खाली वाकून टॉर्च मारली तर पाइपाच्या दोन नटांपैकी एक अर्धा बाहेर आलेला आणि त्या बाजूला हेडच्या फिन्सवर काजळीचा पंखा उमटलेला, बोट फिरवलं की काळं. टेस्ट सोपी आहे. इंजिन गार असताना जॉइंटवर साबणाचं पाणी मारा आणि लगेच स्टार्ट करा, बुडबुडे फुटले की झालं. नाहीतर जाड ओला फडका घेऊन सायलेन्सरचं मागचं तोंड क्षणभर अर्धवट दाबा, गळती असेल तर पुढचा आवाज एकदम वाढतो. हा आवाज गार इंजिनला जास्त येतो आणि गरम झाल्यावर धातू फुगून फट बुजली की कमी होतो.

इंजिन बंद केल्यावर टिंग-टिंग येतं ते सायलेन्सर गार होतानाचं, ते सोडून द्या. बीएस-६ गाड्यांना चावी ऑन केल्यावर दोन सेकंद झूंऽऽ येतं तो पेट्रोल पंप, तो पण सोडा.

इंजिनचा आहे की चालीचा, हे ठरवा

गाडी स्टँडवर उभी करून रेस दिल्यावर आवाज येतो का? येत असेल तर इंजिन किंवा क्लच. उभ्या गाडीत येत नाही, चालतानाच येतो, तर मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या आसपास क्लच दाबा आणि रेस सोडा. गाडी घरंगळताना आवाज तसाच राहिला आणि स्पीडबरोबर कमी-कमी होत गेला तर तो चेन, सॉकेट, व्हील बेअरिंग, ब्रेक शू किंवा मागच्या ड्रममधल्या रबरचा आहे, इंजिन बिचारं निर्दोष. चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी ढिली असेल तर ठराविक अंतराने खट्ट येतं. मागचं चाक फिरवत फिरवत चेन सगळीकडे दाबून बघा (इंजिन बंद करून, बोटं सांभाळून, चालू गाडीची चेन पकडायला गेलेल्यांची बोटं गेलेली आहेत).

न्यूट्रलमधली क्लच टेस्ट

अर्ध्या मिनिटाची टेस्ट आहे आणि फुकट आहे, तरी बहुतेक जण करत नाहीत. गाडी न्यूट्रल, स्लोवर चालू. क्लच सोडलेला असताना आवाज येतो आणि दाबल्यावर जातो, तर क्लचची बाहेरची वाटी ढिली झालीये (तिच्या मागच्या स्प्रिंगा किंवा रबर मरतात) किंवा गिअर बॉक्सच्या मेन शाफ्टचं बेअरिंग वाजतंय. उलट, सोडलेला असताना शांत आणि दाबल्यावरच घर्र येतं, तर प्रेशर प्लेटमधलं छोटं बेअरिंग, स्वस्त वस्तू आहे, क्लचचं कव्हर काढलं की हाताला लागते. दाबा-सोडा काही फरक नाही, तर क्लच बाजूला ठेवा आणि पुढे चला.

एखाद्याच गिअरमध्ये घूं-घूं येत असेल तर तो त्या गिअरचे दात किंवा बेअरिंग, यात अंदाज लावायला काही उरत नाही. आणि फक्त सेल्फ मारताना खर्र्र किंवा कट्ट येत असेल तर किकने स्टार्ट करून बघा. किकने आवाज नाही म्हणजे सेल्फचा वन-वे क्लच. बुलेटवाल्यांना हा आवाज चांगलाच ओळखीचा असतो.

कान कुठे लावायचा

लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक इंजिनवर आणि मूठ कानामागच्या हाडाला. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप मिळाला तर अजून चांगलं. ओढणी, मफलर, लांब बाह्या आधी आवरा. टोक एकेका जागी टेकवत जा, हेडचं वरचं झाकण, खालचं झाकण, ब्लॉक, डावं कव्हर, उजवं कव्हर. स्प्लेंडरला टायमिंग चेन आणि मॅग्नेट (क्रँकच्या टोकाला बसवलेलं, वीज तयार करणारं चाक) डाव्या बाजूला, क्लच उजव्या बाजूला. बुलेटच्या यूसीई इंजिनला (इंजिन आणि गिअर बॉक्स एकाच केसमध्ये असलेलं) क्लच आणि प्रायमरी डावीकडे, टायमिंगचे गिअर उजवीकडे, म्हणजे बरोबर उलटं, तेव्हा दुसऱ्या गाडीचा व्हिडिओ बघून आपल्या गाडीच्या बाजू ठरवू नका. आवाज सगळीकडेच येणार, धातूतून तो पळतो, जिथे सगळ्यात तीक्ष्ण आणि जवळचा वाटतो ती जागा खडूने खूण करून ठेवा.

दुसरी युक्ती मोबाईलची. सायलेन्सरच्या मागे आणि इंजिनच्या मध्ये मोबाईल धरून स्लोवरचा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि पाव स्पीडने ऐका. १४०० आरपीएमला क्रँक सेकंदाला साधारण २३ वेळा फिरतो आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) त्याच्या निम्म्याने. चार स्ट्रोकमध्ये सायलेन्सरचा "पुक" पण क्रँकच्या दोन फेऱ्यांना एकदाच येतो. म्हणजे पाव स्पीडला सेकंदाला जेमतेम तीन पुक ऐकू येतील, तेवढे आरामात मोजता येतात. आता एका पुकला एक टक असेल तर दोष हेडकडे, म्हणजे टॅपेट, रॉकर, कॅम किंवा सायलेन्सरचं पॅकिंग. एका पुकला दोन टक असतील तर खाली क्रँककडे किंवा मॅग्नेटकडे बघा. पिस्टन आणि रॉड यात कधीकधी घोळ घालतात कारण त्यांच्यावर जोर पॉवर स्ट्रोकलाच येतो, मग ते पण एका पुकला एकदाच ठोकतात, म्हणून नुसत्या या हिशोबावर इंजिन खोलू नका.

टॅपेट: हे घरी करता येतं

एकसारखी बारीक टिकटिक, हेडमधून, रेस वाढली की जलद होणारी, गार-गरम दोन्हीत येणारी, ती टॅपेट. गॅप गार इंजिनलाच बघायचा, रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी घ्या. लहान गाड्यांना गॅप साधारण ०.०५ ते ०.१० मिमी असतो, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. फिलर गेज लागेल, तो कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, आणि टॅपेटच्या चौकोनी डोक्याची छोटी चावी.

प्लग काढा, म्हणजे कॉम्प्रेशन राहत नाही आणि इंजिन हलकं फिरतं. टॅपेटची दोन्ही झाकणं काढा, वरचं इनलेट, खालचं एक्झॉस्ट, खालचं काढताना थोडं ऑइल ओघळेल, फडका धरा. डाव्या कव्हरवरची खूण बघायची छोटी टोपी काढा. गाडी मेन स्टँडवर, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हळूहळू पुढे फिरवा. मॅग्नेटवर "टी" अक्षराची रेघ खाचेसमोर आली की थांबा. त्याच्या जवळच "एफ" पण असतं, ते स्पार्कचं आहे, त्यावर सेट केलं तर सगळं मुसळ केरात. आता दोन्ही रॉकर बोटाने हलवा. दोन्ही किंचित हलले तर बरोबर जागेवर आहात, घट्ट असतील तर क्रँक अजून एक पूर्ण फेरी फिरवा आणि परत "टी"वर आणा.

गेजची पट्टी घालून बघा, ती थोडी घासत सरकली पाहिजे, लोण्यात गेल्यासारखी नको आणि ओढून काढावी लागेल अशी पण नको. लॉकनट ढिला करा, चावीने गॅप घ्या, चावी तशीच धरून लॉकनट टाइट करा आणि परत गेज घाला, कारण नट आवळताना स्क्रू हमखास फिरतो आणि तिथेच नवशिक्याचं काम बिघडतं. आवाज पूर्ण घालवायच्या नादात टॅपेट टाइट करू नका. ढिला टॅपेट नुसता आवाज करतो, टाइट टॅपेट व्हॉल्व्ह नीट बसू देत नाही आणि तो जळतो, मग हेडचं काम. थोडी टिकटिक असलेलीच बरी. यूसीई बुलेटला हायड्रॉलिक टॅपेट असतात, तिथे सेट करायला काही नाही, सकाळी स्टार्ट केल्यावर काही सेकंद टिकटिक करून ऑइल भरलं की ते गप्प होतात.

गॅप बरोबर असून टिकटिक राहिली तर रॉकरचं टोक आणि कॅम बघा, खड्डे पडले असतील तर सेटिंगचा उपयोग नाही. आणि तिथे ऑइल पोचतंय का ते पण बघा, झाकणाच्या आत कोरडं-कोरडं आणि तपकिरी दिसत असेल तर पंप किंवा ऑइलची वाट तुंबलीये, त्यावर नवीन रॉकर टाकला तरी तो पण खाल्ला जाणार.

टायमिंग चेन, पिस्टन आणि रॉड

टायमिंग चेनचा आवाज टॅपेटसारखा स्वच्छ नसतो, खरखरीत, साखळी पत्र्यावर ओढल्यासारखा असतो, डाव्या बाजूने येतो, स्लोवर आणि रेस एकदम सोडल्यावर जास्त. आधी टेन्शनर तपासायला लावा, नुसता तो अडकलेला असू शकतो. चेन बदलायचीच झाली तर गाइड रबर आणि टेन्शनर सोबत बदला, नुसती चेन टाकून पैसे वाचवले तर त्याच कामाची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

पिस्टनचा आवाज सकाळी गार इंजिनला सगळ्यात मोठा, पोकळ, ब्लॉकमधून, आणि दहा मिनिटांत बराच उतरतो कारण पिस्टन फुगून फट भरते. त्याच्यासोबत निळा धूर आणि ऑइल कमी होणं असेल तर बोअर झिजलाय. धूर नाही, ऑइल जागेवर आहे, तर एवढ्याशा आवाजासाठी घाई नको, गाडी अजून बरीच चालते. बोअर करायची वेळ आलीच तर लेथवाल्याला पिस्टन आधी द्या आणि त्या पिस्टनच्या मापानेच ब्लॉक करून घ्या. ०.२५, ०.५० असे ओव्हरसाइज मिळतात.

घाटात वरच्या गिअरमध्ये रेस पिळल्यावर खणखण येते ती नॉकिंग, म्हणजे पेट्रोल नको तेव्हा भडकल्याचा आवाज, यात कुठली वस्तू ढिली नसते. गिअर खाली टाका, आवाज जातो का बघा. तरी येत राहिली तर प्लगचा नंबर, हेडमधला कार्बन आणि मिक्श्चर बघा. हल्ली काहीही वाजलं की लोक ई२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला शिव्या घालतात. त्या पेट्रोलबद्दल बाकी तक्रारी असतील, पण इथेनॉलने ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग न होऊ देण्याची ताकद, वाढतो, त्यामुळे निदान नॉकिंगचं खापर तरी त्याच्यावर फोडता येत नाही.

आता रॉड. याला मात्र हसण्यावारी नेऊ नका. जड, खोल ठोका, इंजिनच्या पोटातून, गरम झाल्यावर कमी न होता वाढणारा, रेस देताना आणि चढाला जोरात येणारा, फूटरेस्टमधून पायाला जाणवणारा. हा आला की गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टेम्पोत टाका. रॉड तुटला तर क्रँककेस फोडून बाहेर येतो आणि मागचं चाक जाम होऊ शकतं. तपासायला प्लग काढा, मॅग्नेटचं कव्हर काढून मॅग्नेट हाताने धरा, पिस्टन वरून किंचित खाली आलेल्या जागी आणा आणि मॅग्नेट थोडा-थोडा पुढे-मागे करा, पिस्टन हलायच्या आधीच हाताला कट्-कट् अशी मोकळी चाल लागली तर बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं बेअरिंग, गेलाय. ब्लॉक काढल्यावर तर स्पष्टच कळतं, रॉड डावी-उजवीकडे थोडा हलणं नॉर्मल, वर-खाली अजिबात हलता कामा नये. गॅरेजमध्ये रॉड बाजूला हलवून दाखवून "बघा, गेला" म्हणणारे भेटतात, तेव्हा वर-खाली हलवून दाखवा म्हणायचं.

खोलायच्या आधी ऑइल काढून बघा

शंका राहिलीच तर इंजिन खोलण्याआधी गरम ऑइल स्वच्छ पांढऱ्या ट्रेमध्ये काढा, ऊन्हात धरा आणि त्यातून चुंबक फिरवा. चुंबकाला करड्या रंगाचा मऊ लेप लागला तर तो रोजच्या झिजेचा. टोचणारे कण किंवा पापुद्रे लागले तर गिअर, बेअरिंग किंवा टायमिंगचा भाग तुटतोय. चमकतंय पण चुंबकाला लागत नाही, ते ॲल्युमिनियम, पिस्टन किंवा हेडकडचं. पिवळट कण बुशचे. काळे-तपकिरी जळक्या वासाचे तुकडे क्लच प्लेटचे. स्प्लेंडरला ऑइलची जाळी आणि उजव्या कव्हरच्या आतला फिरता फिल्टर पण साफ करून त्यात काय अडकलंय ते बघून घ्या, वर्षानुवर्षं तो कुणी उघडलेला नसतो.

स्कूटरवाल्यांसाठी एवढंच की डाव्या बाजूचा खडखडाट बहुतेक वेळा इंजिनचा नसून व्हेरिएटरचा (स्कूटरचं आपोआप गिअर बदलणारं पुली-बेल्टचं यंत्र) असतो, रोलर एका बाजूने चपटे होतात किंवा बेल्ट जातो, ते कव्हर आधी उघडून घ्या.

गॅरेजला जाताना हे सगळं कागदावर लिहून न्या, गार की गरम, क्लच दाबल्यावर काय होतं, कुठल्या गिअरला, चढाला की उताराला, ऑइल किती दिवसांत किती कमी झालं, आणि मोबाईलवरचं रेकॉर्डिंग. सकाळीच येणारा आवाज असेल तर गाडी रात्रीच तिथे लावा, नाहीतर तुम्ही चालवत नेईपर्यंत इंजिन तापतं आणि मेकॅनिकला काही ऐकूच येत नाही. काम सुरू व्हायच्या आधी एक अट घाला, जुने पार्ट परत पाहिजेत आणि हेड उतरवल्यावर पुढचं काही खोलायच्या आधी फोन करायचा. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही. ज्याला येतो त्याच्याकडून गाडी तशीच परत घेऊन या.